तारखा बायकोने मोजायच्या आणि विश्वास नवऱ्याने ठेवायचा, असं नसतं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): वाचक भगिनी 31 वर्षांची, वसई भागातली, कॅथलिक. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा नऊ महिन्यांचा, दोन्ही वेळा सिझर. डॉक्टरांनी बजावलंय की निदान दोन वर्षं तरी पुढचं नको. हॉस्पिटलमध्येच कॉपर टी नाहीतर ऑपरेशनबद्दल विचारलं होतं, पण मिस्टर म्हणाले चर्चला चालत नाही, आपण नॅचरलच करू. नॅचरल म्हणजे हिच्या फोनवरचं एक अ‍ॅप, आणि त्यात लाल दिसणाऱ्या दिवसांना मिस्टरांचं ‘घाबरू नको, मी सांभाळतो, शेवटी बाहेरच’. मधे पाळी लांबली, बाथरूमचं दार लावून टेस्ट केली, निगेटिव्ह आली, पण तेव्हापासून नवऱ्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी हिचं अंग आक्रसतं. रात्री मुलीला मधे झोपवते, डोकं दुखतंय म्हणून सांगते. मिस्टर चिडतात, देवावर विश्वास ठेव म्हणतात, संत पौलाचं वचन ऐकवतात. प्रार्थना ग्रुपमधल्या एका काकूंनी सांगितलं की नवऱ्याला नाही म्हणणं पाप आहे, तो बाहेर गेला तर दोष तुझा. तिचे प्रश्न दोन. माझं खरंच चुकतंय का? आणि त्यांना न सांगता कॉपर टी बसवून घेऊ का?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते ओझं मनावर असताना तुला बाकीचं काही सुचायचं नाही. नाही, तुझं चुकत नाहीये. दोन सिझर झालेली, अंगावर पाजणारी, रात्री तीनदा उठणारी बाई घाबरून नाही म्हणते त्यात पाप कुठून आलं?

मिस्टर ज्या वचनाचा दाखला देतात तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय दोघांनी मिळून एकदा पूर्ण वाचा. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार असं जिथे म्हटलंय त्याच दमात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार असंही म्हटलंय, आणि काही काळ दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने राहा असंही तिथेच आहे. आपल्याकडे अर्धं वचन पाठ असतं आणि ते कायम बाईलाच ऐकवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. आणि चर्चचंच बोलायचं तर ज्या पत्रामुळे मिस्टर कॉपर टीला नाही म्हणतात ते पोप सहावे पॉल यांचं ‘हुमाने व्हिते’, 25 जुलै 1968 चं. त्याच्याच तेराव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की जोडीदाराची अवस्था आणि तिची रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध हे खरं प्रेम नव्हे, तो नीतीच्या विरुद्ध आहे. त्या काकूंनी हे वाचलेलं नसणार. आणि नवरा बाहेर गेला तर तो त्याच्या पायाने जातो, त्याचा दोष बायकोच्या माथी मारायला कुठल्याही पोपने सांगितलेलं नाही.

आता जे तुमच्या घरात चाललंय त्याबद्दल, आणि हे मिस्टरांनीही वाचावं असं मला वाटतं. तुम्ही दोघं जे करताय ते नॅचरल फॅमिली प्लॅनिंग नाहीच. अ‍ॅपवरच्या तारखा आणि ‘मी सांभाळतो’, याला चर्चही नॅचरल म्हणत नाही आणि डॉक्टरही सेफ म्हणत नाहीत. वीर्य बाहेर सोडणं हे आपल्या कितीतरी कॅथलिक घरांमध्ये चालतं कारण त्यात गोळी नाही, कंडोम नाही, दुकानात जायला नको, म्हणजे ते देवाला चालत असणार असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. चर्चची शिकवण त्यालाही नाहीच म्हणते. आणि आकडे पाहिले तर वर्षभर त्याच एका उपायावर राहणाऱ्या 100 बायकांमध्ये साधारण 20 जणींना दिवस जातात. म्हणजे तुझी भीती खोटी नाहीये, तुझ्या अंगाला जे कळलं ते बरोबर कळलं. तुम्ही एक अशी पद्धत पाळताय जिच्यात पथ्याचा त्रास आहे आणि पथ्याचा फायदा नाही.

अ‍ॅपचं काय होतं ते समजून घे. साधं अ‍ॅप मागच्या पाळ्यांच्या तारखांवरून पुढचा अंदाज बांधतं, तुझ्या अंगात आज काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं आपण शाळेपासून ऐकतो, ते फक्त काहींचं आणि काही महिन्यांपुरतं खरं. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, दोन आठवड्यांच्या आसपास, पण पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा काळ ताणाने, आजारपणाने, जागरणाने लांबतो, आणि बाळंतपणानंतर, दूध पाजत असताना तर त्याचा काही भरवसाच नसतो. बीज जगतं जास्तीत जास्त एक दिवस, पण पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, म्हणून धोक्याचे दिवस साधारण सहा. ते सहा कुठले हे आधीच ओळखायचं असतं, आणि तिथेच तारखा तोकड्या पडतात.

अजून एक, मधे पाळी लांबली होती असं तू लिहिलंयस, म्हणजे पाळी सुरू झालीये. तेव्हा ‘अंगावर पाजतेय म्हणजे राहणार नाही’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. ते संरक्षण तीन गोष्टी एकत्र असतील तरच असतं, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून आलेली नाही. या तिन्ही असतील तर ते 98 टक्क्यांपर्यंत काम करतं. तुझ्या बाबतीत आता ते संपलंय. ज्या मैत्रिणींची पाळी बाळंतपणानंतर अजून आलीच नाही त्यांनी हेही लक्षात ठेवा की पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं.

मग खरी पद्धत कशी असते? बीज सुटायच्या आधी काही दिवस बाईच्या अंगावरून जे जातं ते बदलतं. पाळीनंतर काही दिवस कोरडं वाटतं, मग थोडं चिकट, दाट, पांढरट, आणि मग एक दिवस असा येतो की ओलसर, निसरडं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, दोन बोटांत धरलं तर तार सुटते. आपल्याकडे किती बायका ‘पांढरं जातंय’ म्हणून घाबरून औषधं घेतात, आणि पुष्कळदा तो आजार नसतो, शरीर सांगत असतं की हे सुपीक दिवस आहेत. (खाज, वास, जळजळ असेल तर ते वेगळं, ते डॉक्टरला दाखवायचं.) त्या निसरड्या ओलाव्याच्या शेवटच्या दिवसानंतर तीन पूर्ण दिवस थांबायचं आणि चौथ्या दिवसापासून मोकळे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर नवरा-बायकोंनी ही पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने ती पाच देशांत तपासली त्यात आपलं बंगळूरही होतं, आणि बहुतेक बायकांना, अगदी कमी शिकलेल्यांनाही, आपली लक्षणं ओळखता आली. ओळखणं कठीण नाही. पाळणं कठीण आहे.

याच्या जोडीला सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी तापमान घ्यायचं. बीज सुटल्यावर ते 0.2 ते 0.5 अंश सेल्सियसने चढतं आणि चढलेलंच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरची अशी सलग तीन तापमानं दिसली की बीज सुटून गेलं. पण खरं सांगते, नऊ महिन्यांचं बाळ रात्री उठवत असताना तापमानाचा तक्ता वेडावाकडा येतो, सलग तीन तास तरी झोप झालेली हवी. तेव्हा सध्या तुझा भर अंगावरून जाणाऱ्या स्रावावरच राहील. आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांवर मूल टाळण्यासाठी विसंबू नकोस, त्या बीज सुटायच्या एखाद-दीड दिवस आधी सांगतात, मूल हवं असणाऱ्यांना ते सोयीचं, पण तोवर तुमचे आधीचे तीन-चार धोक्याचे दिवस उलटून गेलेले असतात.

हे सगळं माझं वाचून सुरू करू नका. बाळंतपणानंतरच्या काळाचे नियम वेगळे असतात आणि ते शिकवणाऱ्या माणसाकडूनच शिकावे लागतात. तुमच्या धर्मप्रांताच्या कुटुंब विभागात चौकशी करा, तिथे शिकवणाऱ्या सिस्टर किंवा जोडपी माहीत असतात, लग्नाआधीच्या कोर्समध्ये ज्यांनी अर्धा तास याच विषयावर बोलून तुम्हाला घरी पाठवलं असेल त्यांनाच परत गाठलं तरी चालेल. आणि शिकत असताना सुरुवातीचे दोन-तीन महिने पूर्ण थांबा. दोन सिझरनंतर प्रयोग करायला जागा नाही. बाळंतपणानंतर पुढचं गरोदरपण निदान 24 महिन्यांनी यावं असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे, आणि सिझरनंतर लवकर दिवस गेले तर टाका उसवायचा, म्हणजे गर्भाशय फाटायचा धोका वाढतो. हा धोका मिस्टरांना कोणी नीट समजावून सांगितलाय का, याची मला शंका आहे.

आकडे हवे असतील तर, तापमान आणि स्राव दोन्ही बघून, नीट शिकून, एकही नियम न मोडता पाळलं तर वर्षाला 100 जणींत एकीहून कमी जणींना दिवस जातात. पण लोक प्रत्यक्षात जसं पाळतात तसं मोजलं तर कुठली पद्धत यावर 2 पासून 23 पर्यंत. एवढा फरक कशामुळे? थोडा पद्धतीमुळे, पण पुष्कळसा नियम मोडल्यामुळे, आणि नियम मोडतात ते बऱ्याचदा दोघांपैकी एकाला पटलेलं नसतं म्हणून. हे आपल्या देशाने फार आधी पाहिलंय. ख्रिस्ती घरात वाढलेल्या राजकुमारी अमृत कौर पहिल्या आरोग्यमंत्री असताना त्यांना दुसरी साधनं पसंत नव्हती, म्हणून त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडून डॉ. अब्राहम स्टोन यांना बोलावून 1950 नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला सेफ दिवसांचा प्रयोग करवला. बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. शिकायची तयारी पुष्कळ जणींनी दाखवली, शेवटपर्यंत पाळणारी जोडपी थोडीच निघाली. माळ बायकोच्या गळ्यात, आणि त्या रात्रीचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हातात, मग दुसरं काय होणार?

तुझ्या पत्रातली खरी गोष्ट मला हीच दिसते. अ‍ॅप तुझ्या फोनमध्ये, भीती तुझ्या पोटात, टेस्ट तू एकटीने केलीस आणि अजून बहुतेक त्यांना सांगितलंही नाहीस. मिस्टरांच्या वाट्याला आलाय फक्त विश्वास. या पद्धतीत हे चालतच नाही. गोळी एकटी बाई घेऊ शकते, ही पद्धत एकटी बाई पाळूच शकत नाही, कारण थांबायचं दोघांनी असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तक्ता मिस्टरांनी लिहायचा. कागदी तक्ता, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. रोज रात्री त्यांनी विचारायचं, आज कोरडं की ओलं, आणि त्यांच्या हाताने त्या चौकोनात लिहायचं. सुरुवातीला दोघांनाही लाज वाटेल, काही दिवसांत सवय होते. जो माणूस रोज तो चौकोन भरतो त्याला ‘आज नको’ हे बायकोच्या तोंडून ऐकावं लागत नाही, त्याला ते आधीच माहीत असतं. तुझी पोलिसाची ड्युटी तिथे संपते.

आणि देवावरच्या विश्वासाचं. 19 जानेवारी 2015 ला फिलिपिन्सहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस पत्रकारांशी बोलले ते मिस्टरांना सांग. त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली, सात सिझर झालेली आणि आठव्यांदा गरोदर. त्यांनी तिला विचारलं, सात पोरांना पोरकं करायचंय का? ती म्हणाली, माझा देवावर विश्वास आहे. त्यावर पोपचं म्हणणं असं की देवाने जबाबदारीने वागायचे मार्गही दिलेत, हे वागणं बेजबाबदारपणाचं आहे. चांगला कॅथलिक म्हणजे सशांसारखी पिल्लं घालणारा नव्हे हेही ते त्याच वेळी बोलले. ‘हुमाने व्हिते’च्या सोळाव्या परिच्छेदात शरीराची, मनाची किंवा परिस्थितीची रास्त कारणं असतील तर सुपीक दिवस टाळून मुलांमध्ये अंतर ठेवायला मोकळीक आहे, आणि तुझं कारण डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं आहे. तेव्हा अंतर ठेवणं हे कमी श्रद्धेचं लक्षण हा समज दोघांनीही सोडा.

आता जवळिकीबद्दल, कारण तुमच्यात तुटलंय ते हे. तुम्ही संबंध थांबवलेत तसं स्पर्शच थांबलाय. नवऱ्याचा हात खांद्यावर आला की तुला वाटतं आता हे पुढे जाणार, आणि तू नाही म्हटलंस की त्यांना वाटतं आपण नकोसे झालो. ही गाठ बोलूनच सुटते. त्या दोन-तीन महिन्यांपुरतं दोघांनी तोंडाने ठरवा की मिठी म्हणजे मिठीच, ती पुढे जाणार नाही. मग बघ, तुझं अंग हळूहळू सैल पडेल. संध्याकाळी मुलांना आजीकडे ठेवून सुरुचीला नाहीतर भुईगावला समुद्रावर तासभर जाऊन या, हात धरून बसा, घरातल्या बिलांशिवाय दुसरं काहीतरी बोला. पाठ चोळून देणं, केस विंचरणं, एकत्र झोपणं, हे काही नवरा-बायकोतलं दुय्यम सामान नाही. बायबलमधलं गीतरत्न काढून वाचा, त्यात सुगंध, केस, आवाज, वाट पाहणं याचंच किती आहे, आणि ते पवित्र शास्त्रात आहे.

एक विचारते, रागावू नकोस. दुखतं का? दूध पाजणाऱ्या बाईला खाली कोरडेपणा येतो, हार्मोनमुळे येतो, प्रेम कमी झाल्यामुळे येत नाही. पुष्कळ जणी ते दुखणं सहन करत राहतात आणि मग जवळ येणंच नको वाटतं. डॉक्टरला सांग, साधी पाण्याची जेली मिळते, त्यात काही पाप नाही. आणि मिस्टरांनाही सांग, कारण त्यांना बहुतेक कल्पनाच नसेल.

एक गोष्ट लपवायची नाही. ही पद्धत पाळताना ज्या दिवसांत बाईलाही सगळ्यात जास्त ओढ वाटते नेमके तेच दिवस टाळायचे असतात. पॅरिशच्या व्याख्यानात याने नातं अधिक गोड होतं असं सांगतात, ते अनेकांच्या बाबतीत खरंही होतं, पण आधी काही महिने चिडचीड होते, रडू येतं, मिस्टर नाईट शिफ्टहून आले आणि तक्ता ओला असला की दोघंही गप्प होतात. हे झालं म्हणजे तुमचं काही बिघडलंय असं समजू नका.

तुझा दुसरा प्रश्न, कॉपर टी. चर्चची शिकवण तिला मान्यता देत नाही हे तुला माहीतच आहे आणि मी ते पुसट करून सांगणार नाही, मी स्वतः ही शिकवण मानते. पण शरीर तुझं आहे, धोका तुझ्या जिवाला आहे, आणि सदसद्विवेकबुद्धी चर्चनेच तुला मानायला शिकवलंय. माझं म्हणणं एवढंच की लपवून नको. लपवलेली गोष्ट तुझ्या मनात रोज कुरतडत राहील, आणि उद्या कळलं तर मिस्टर कॉपर टीपेक्षा फसवणुकीवर जास्त बोलतील, खरा विषय बाजूलाच राहील. उघड सांग. ‘तुम्ही माझ्यासोबत शिकायला येणार असाल, तक्ता लिहिणार असाल आणि ओल्या दिवशी थांबणार असाल, तर मी नॅचरलला तयार आहे. नसाल, तर मी डॉक्टरांकडे जाऊन दुसरा उपाय करणार, कारण मला दोन मुलांना वाढवायचंय.’ हे धमकीच्या सुरात नको, पण ठाम म्हण. आणि दुसरा मार्ग घ्यायची वेळ आलीच, तर एखाद्या समंजस फादरशी कन्फेशनमध्ये मोकळेपणाने बोल. एकाशी बोलून नुसतीच भीती वाढली तर दुसऱ्या फादरकडे जा. ऑपरेशन मात्र आता घाईत, रागात ठरवू नकोस, ते मागे घेणं अवघड असतं.

नगर, पुणे, जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मैत्रिणींसाठी, तुमच्या बहुतेक मंडळींत हे बंधन नाही. 1930 च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी साधनांना मर्यादित मुभा दिली आणि बाकीच्या मंडळ्या पुढे त्याच वाटेने गेल्या. तुमच्यातल्या काही जणी सुपीक दिवसांत कंडोम वापरतात. चर्चच्या अर्थाने ते नॅचरल नाही, पण तुमच्या घरात तो निर्णय दोघांनी समजून घेतलेला असेल तर तुमचा आहे. फक्त लक्षात ठेवा, त्या दिवसांत सगळी भिस्त कंडोमवर असते. आणि नवरा हिंदू, बायको कॅथलिक अशी घरं आता आपल्याकडे कमी नाहीत, तिथे नवऱ्याला हे नियम लग्नानंतर कळतात आणि तो गोंधळतो. लग्नाआधी बोला.

एवढं सगळं सांगूनही मिस्टर ऐकत नसतील, नाही म्हटल्यावरही जबरदस्ती होत असेल, तर मग तो फॅमिली प्लॅनिंगचा प्रश्न राहत नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही धरलेला आहे, आणि महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. तुझ्या पत्रावरून ते तसे वाटत नाहीत, घाबरलेले आणि दुखावलेले वाटतात. पण तसं असेल तर प्रार्थना ग्रुपमध्ये नाही, आईला नाहीतर बहिणीला आधी सांग.

या आठवड्यात एक कर, डॉक्टरची अपॉइंटमेंट घे आणि मिस्टरांना सोबत ने. सिझरच्या टाक्याची अवस्था काय, अजून किती थांबायचं, आधीच दिवस गेले तर नेमकं काय होऊ शकतं, हे तीन प्रश्न त्यांना कागदावर लिहायला सांग आणि त्यांनीच विचारू देत. आपले पुरुष गायनॅकच्या केबिनबाहेर बाकावर पिशवी आणि बाळ घेऊन बसतात, त्यांना तिथे बसवू नकोस, बाळाला घेऊन दोघंही आत जा.